चौकशीच्या खिडकीतले मामेसासरे

जगातल्या कोणत्याही माणसाला कुठेही जायचे असेल तर त्याने आधी आपल्याला विचारले पाहिजे, असे माझ्या मामेसासऱ्यांचे मत आहे, आणि संग्रामपूर तालुक्यात तरी हे मत खोटे ठरवणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी जळगाव जामोदच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे काढली. पुढे आलेल्या माणसाच्या तोंडून गावाचे नाव पुरते बाहेर पडायच्या आत मामांचे बोट हवेत गेलेले असे, आणि बोटामागून फलाट, गाडी आणि बसायची बाजू एवढे सगळे एका दमात सांगून झालेले असे. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळ दिले, भाषणे केली. मामांनी सगळ्यांचा निरोप घेतला आणि खिडकी सोबत घेऊन वरवट बकालला घरी आले. पुढे ते ज्या दारात उभे राहिले, त्या दाराची खिडकी झाली.

त्यांच्या घराला तीन दारे होती: एक पुढचे, एक गोठ्याकडचे आणि एक स्वयंपाकघराचे. घरी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मामांनी गोठ्याच्या दारापुढे सरकीच्या पोत्यांची थप्पी लावली, स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप घातले आणि पुढच्या दारात लोखंडी खुर्ची टाकली. दूधवाला, गॅसची टाकी, पाहुणे, शेळी, सगळे तिथूनच जाऊ लागले. मामी तापाने फणफणल्या होत्या तेव्हा बोलावून आणलेल्या डॉक्टरांनाही त्यांनी उंबऱ्यावर थांबवून विचारले, "कोनाकडं?" डॉक्टर म्हणाले, "पेशंटकडे." "सरळ जा, डाव्या हाताले. हळू बोला, झोपली हाये." मामींनी मात्र स्वयंपाकघराच्या कुलपाची दुसरी किल्ली पहिल्याच दिवशी करून घेतली होती. "याह्यची ड्यूटी एसटीनं संपवली," त्या मला म्हणाल्या, "अन् माही सुरू केली."

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा मी बुलढाण्याच्या एका दैनिकात वार्ताहर होतो आणि अंगावर नव्या जावयाचे कडक कपडे होते. मामांनी खुर्चीतून उठून मला नमस्कार केला, पुन्हा बसले आणि म्हणाले, "बोला जवाईबापू. कोनाकडं जाचं?" मी म्हणालो, मामींना नमस्कार करायला. "आत, सरळ. चपला डावीकडं. पंख्याखाली बसा, दुसऱ्या खुर्चीचा पाय मोडला हाये." मी आत गेलो, मामींना भेटलो, चहा घेतला आणि पंख्याखाली बसलो. मामा बाहेरच राहिले. तासाभराने मी निघालो तेव्हा ते शेजारच्या बाईला घरातली कोणती मांजर कुठे सापडेल ते सांगत होते.

गावातल्या लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी उभे राहत. एका वैशाखात वरवट बकालला एकाच दिवशी दोन लग्ने लागली, मांडव शेजारी शेजारी आणि दोन्हीकडची मंडळी जळगाव जामोदकडून येणारी. मामांनी दोन्ही मांडवांसाठी एकच वाट ठेवली आणि तिच्या तोंडाशी स्वतः उभे राहिले. येणाऱ्याला ते एवढेच विचारत, "नवरीकडचे का नवरदेवाकडचे, अन् कोनत्या?" एकही आहेर चुकला नाही. एक म्हातारे गृहस्थ मात्र आपण कोणाच्या लग्नाला आलो हेच विसरले होते. मामांनी त्यांना जिथे पंगतीत जागा होती तिथे बसवले. "ज्याले कुठी जाचं ते माईत नाई, त्याले पयले बसवा लागते," ते मला म्हणाले. "उभा ठेवला की तो वाट अडवते." स्टँडवर त्यांच्या खिडकीशेजारी एक बाक होता, तो त्यांनी खास अशा प्रवाशांसाठी राखून ठेवलेला होता.

त्यांचा एक नियम मात्र गमतीचा नव्हता. खिडकीवर माणसाला कुठे जायचे ते विचारायचे; तो कोण आहे ते विचारायचे नाही. एकदा एक तरुण जोडपे घाईत आले आणि इंदूरची गाडी विचारून गेले. अर्ध्या तासाने मुलीचे चुलते काठ्या घेऊन स्टँडवर उभे. मुलीचे नाव सांगून त्यांनी मामांना घेरले. मामा शांतपणे म्हणाले, "मी नाव विचारतच नाई, तं सांगू काय?" ते खरेच बोलत होते, आणि त्यामुळे त्यांना ते नीट बोलता आले. चुलते अंदाजाने अकोल्याच्या गाडीत चढले. ही हकिकत सांगताना मामा नेहमी शेवटी म्हणत, "दारानं नाव विचारलं का दाराचं ठाणं होते."

आता कापसाकडे यावे लागेल. बीटी बियाणे आले तेव्हा आमच्या भागात पहिली काही वर्षे लोक फवारणीचा पंप कुठे ठेवला हेच विसरले. बोंडअळी गेली, असे सगळ्यांनी धरले. मग गुलाबी अळी परत आली. ती बाहेरून दिसत नाही. बोंड हिरवेगार असते, फोडले की आत किडलेली सरकी आणि काळा पडलेला, चिकटलेला कापूस निघतो. त्याला कवडी म्हणतात. ज्या वर्षी सगळ्या शिवारात कवडी निघाली, त्या वर्षी वरवट बकालच्या लोकांनी दिवाळीनंतर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची उभी झाडे, उपटून बांधावर टाकली. मामांचेही रान त्यात होते. पुढच्या हंगामात सातपुड्याच्या पायथ्यापासून पातुर्ड्यापर्यंतच्या गावांनी मिळून ठरवले की शेतात कामगंध सापळे लावायचे. सापळ्यात मादीच्या वासाची एक गोळी असते, तिला भुलून नर पतंग खालच्या पिशवीत पडतात. सकाळी पिशवीतले पतंग मोजायचे. ठरलेल्या आकड्याच्या वर पतंग लागोपाठ तीन रात्री आले की त्या गावाने फवारायचे, एरवी नाही. उशीर झाला तर अळी बोंडात शिरते, आणि एकदा आत शिरली की तिच्यापर्यंत कोणतेच औषध पोचत नाही. म्हणजे सगळा हंगाम, गावागावाचे आकडे वेळेवर एका जागी येण्यावर टांगलेला होता.

आकडे गोळा करायचे काम प्रज्ञाने अंगावर घेतले. ती गावातल्या गुरुजींची मुलगी, पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. तिने तीन ॲप्लिकेशन्स तयार केली: एक सापळ्यांसाठी, एक बाजारभावासाठी आणि एक गावाच्या फवारणी पंपांची पाळी लावण्यासाठी. तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर चालत, आणि तो कॉम्प्युटर बशीरभाईंच्या मोबाईल-दुरुस्तीच्या दुकानात माळ्यावर होता, कारण गावात सगळ्यात भरवशाचा इन्व्हर्टर त्यांच्याकडे होता. अडचण पत्त्याची होती. तिन्ही ॲप्लिकेशन्सचा पत्ता एकच, फक्त शेवटी वेगवेगळा पोर्ट नंबर. एक नंबर लक्षात राहत असे, दुसरा जात असे. सापळ्याचे आकडे द्यायला निघालेला माणूस तुरीच्या भावावर पोचे आणि भाव पाहून तिथेच रमे.

मामांनी हे दुकानात उभे राहून पाहिले. "एका घराले तीन दरवाजे," ते म्हणाले, "अन् एकाही दारात मानूस नाई. बशीर, काऊन चालवून घेतो तू हे?"

"कंट्रोलरसाब," बशीरभाई म्हणाले, "मशीन माही हाये, दरवाजे प्रज्ञाचे हायेत. तुमाले खुर्ची टाकाची असन तं टाका."

मामांनी पुण्याला फोन लावला. प्रज्ञा म्हणाली, असे करता येते, त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. पुढे एकच प्रोग्रॅम उभा करायचा. येणारा माणूस कोणते नाव घेऊन आला ते तो पाहतो, आत त्या ॲप्लिकेशनकडे जातो, उत्तर आणतो आणि बाहेर देतो. आतले नंबर बाहेरच्याला कळतच नाहीत. गावासाठी जे एक नाव घेतले आहे त्याच्याच पुढे सापळा, भाव आणि पंप असे शब्द लावले की तीन पत्ते तयार होतात, सबडोमेन म्हणतात त्यांना. मामांनी हे सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "प्रज्ञा, हे तं मीच हाये."

पुढचा आठवडा बशीरभाईंच्या दुकानात मोबाईल दुरुस्त झाले नाहीत. मामा एका बोटाने टाइप करत. प्रत्येक नावासाठी प्रज्ञाने काही ओळी पाठवल्या होत्या, त्या ते स्टँडवरच्या घोषणेसारख्या मोठ्याने वाचत: "लक्ष द्या. सापळा या नावाने येणारे प्रवासी आतल्या पहिल्या नंबरवर जातील." एखाद्या ओळीच्या शेवटचे चिन्ह राहिले की प्रोग्रॅम सुरूच होत नसे आणि कितव्या ओळीत अडले ते सांगे. दुसरा कोणी वैतागला असता. मामा खूश झाले. "एवढ्याशा ठिपक्यासाठी अख्खी गाडी उभी करते. याच्यासारखा कंट्रोलर आमच्या विभागात नव्हता." चुकीचे नाव घेऊन येणाऱ्यासाठी त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक पान केले. त्यावर लिहिले होते: बसा. कुठे जायचे ते आठवा. खाली तीन नावे. बशीरभाई त्या पानाला बाक म्हणू लागले आणि मग सगळेच म्हणू लागले.

दार उघडले त्या दिवशी मी बातमीसाठी गेलो होतो. लोकांनी आपापल्या गावातून सापळा म्हटले, सापळ्यावर पोचले. पंप म्हटले, पंपावर पोचले. एकालाही नंबर आठवावा लागला नाही. मामा कॉम्प्युटरपुढे पाठ ताठ करून बसले होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येक नावाला मान डोलावत होते. जामोदहून, सुनगावहून, सोनाळ्याहून फोन आले की बरोबर चालू आहे. मामा मला म्हणाले, "लिहा जवाईबापू. एकही तक्रार नाई."

खरेच नव्हती. तशीच पुढचे काही दिवसही नव्हती. प्रत्येक गावात एका दुकानातल्या कॉम्प्युटरवरून रोज सकाळी आकडा भरला जाई आणि पडद्यावर उत्तर येई: आजची नोंद मिळाली आहे, धन्यवाद. लोक समाधानाने घरी जात. सगळ्या भागातला सगळ्यात मोठा आकडा पानावर ठळक दिसे, आणि तो रोज अगदी लहान असे. शिवार शांत आहे, असे लोक म्हणू लागले. पंपांना कोणी हात लावला नाही.

मग एका सकाळी टुनकीच्या गाडीतून एक बाई उतरल्या, मामांच्या घरी आल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. हातात प्लास्टिकची पिशवी होती. मी आदल्या दिवशीपासून मुक्कामाला होतो आणि आत, पंख्याखाली बसलेलो होतो.

"कोनाकडं?" मामा म्हणाले.

"तुमच्या मशीनकडं," बाई म्हणाल्या. "हे पाह्य भाऊ." त्यांनी पिशवी मामांच्या मांडीवर ठेवली. पिशवीत मूठभर मेलेले पतंग होते. "हे एका रातचे. कालचेही एवढेच, परवाचेही. म्या रोज भरले. अन् तुमचं पान म्हणते दोन. मंग माहे पतंग गेले कुठी?"

"नोंद मिळाली म्हणते ना?"

"मिळाली म्हणते. कोनाची मिळाली ते सांगत नाई."

मामांनी पिशवीकडे पाहिले. पानावरचा दोनाचा आकडा त्यांना ओळखीचा होता. तो त्यांच्याच रानातला होता. त्यांची पेरणी उशिराची, सापळ्यात पतंग जेमतेम एकदोन पडत, आणि रोज पहाटे सगळ्यांच्या आधी नोंद करायचा मान ते कोणाला देत नसत. ते खुर्चीतून उठले. त्यांना खुर्ची मोकळी टाकून जाताना मी पहिल्यांदाच पाहिले. आम्ही तिघे बशीरभाईंच्या दुकानात गेलो आणि मामांनी पुण्याला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

प्रज्ञाने पुण्याहूनच मामांच्या ओळी उघडून पाहिल्या आणि विचारले, "मामा, दर नावामागं म्या एक ओळ देली होती. येनारा मानूस खरा कुठून आला ते आत कळवाची. ती कुठाय?"

"काढली," मामा म्हणाले.

"काऊन?"

"चौकशी करत होती लोकायची. आपल्याले काय कराचं कोन कुठून आला ते? दारानं इचाराचं नसते."

प्रज्ञाने रागावून नव्हे, जपून सांगितले. एका ठिकाणाहून दिवसाला एकच नोंद घ्यायची, असे तिने सापळ्यात ठरवलेले होते, म्हणजे एकच गाव दोनदा मोजले जाणार नाही. आता सगळे दारातून येतात. दार कोण आले ते आत सांगत नाही. "आतल्याले वाटून राह्यलं का सगळेच्या सगळे गावं म्हंजे तुमीच हाये. तुमचा आकडा पयला आला, तो घेतला. बाकीच्यायले सांगतलं, आजची नोंद मिळाली."

टुनकीच्या बाई म्हणाल्या, "म्हंजे चार दिसापासून आमी सगळे तुमच्या नावानं मोजून राह्यलो."

मामा माळ्याकडे बघत उभे होते. टुनकीला आज फवारले नाही तर उद्या उशीर होणार होता, आणि तिथे जमलेल्या सगळ्यांना ते माहीत होते. बशीरभाईंनी स्टूल पुढे सरकवले. "कंट्रोलरसाब," ते हळूच म्हणाले, "जिंदगीभर नाव नाई इचारलं. आता इचारा. पोलिसाले सांगाचं नाई, पंपवाल्याले सांगाचं हाये."

मामा स्टुलावर बसले नाहीत. ते बाईंकडे वळले आणि त्यांनी, माझ्या माहितीप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा, समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारले, "बाई, तुमचं नाव काय?"

"गोकर्णा."

"कुठच्या?"

"टुनकीच्या. पहाडाच्या खालतं शेत हाये."

मग ते बसले आणि ओळ परत घातली. सापळ्यात घातली, भावात घातली, पंपात घातली. प्रोग्रॅम तपासला. एकदा अडला, त्यांनी चिन्ह टाकले, चालू झाला. तोपर्यंत बशीरभाईंनी दुकानातला फोन आणि खिशातले दोन्ही मोबाईल कामाला लावले होते आणि मी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर जाऊन, सगळ्यांनी आजचा आणि मागच्या दिवसांचा आकडा पुन्हा द्यावा, असे सांगून आलो. आकडे कोणी विसरले नव्हते. वर्षभर पऱ्हाट्या उपटल्याचे दुःख उरावर असलेले लोक पतंग मोजून विसरत नाहीत.

मी परत आलो तेव्हा पडदा भरू लागला होता. मामा एकेक गाव आत घेत होते आणि मोठ्याने सांगत होते, "सोनाळा, आली. बावनबीर, आली. जामोद, आली. टुनकी," इथे ते थांबले आणि गोकर्णाबाईंकडे बघून म्हणाले, "गोकर्णाबाई, टुनकी. आली." दुकानाबाहेर माणसे जमली. प्रत्येक गावाच्या नावाला बाहेरून "हाव", म्हणजे हो, असा आवाज उठू लागला. आकडे पुरे झाले तेव्हा चित्र स्पष्ट होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत पतंग आकड्याच्या वर गेले होते, सपाटीच्या गावांत नव्हते. वरच्यांनी आजच फवारायचे, खालच्यांनी थांबायचे. तेच लोक त्याच दारातून पंपाच्या पानावर गेले, आणि सपाटीच्या गावांनी आपले पंप पायथ्याकडे पाठवले. दुपारच्या आत सोनाळ्याच्या रस्त्यावर पंप आणि पाण्याच्या टाक्या घेऊन निघालेल्या गाड्यांची रांग लागली. मामा दुकानाच्या पायरीवर उभे राहून ती रांग पाहत होते. कोणालाही दिशा दाखवावी लागत नव्हती, तरी त्यांचा उजवा हात आपोआप उचलला जात होता.

त्या हंगामात कापूस पांढरा निघाला. टुनकीच्या पहिल्या वेचणीचे गाठोडे जळगाव जामोदला गेले तेव्हा व्यापाऱ्याने सवयीने हात खांद्यापर्यंत आत घातला, मुठीत आलेला कापूस पाहिला आणि कवडी शोधायचे सोडून दिले. गोकर्णाबाईंनी त्यातलाच मूठभर कापूस एका पिशवीत घालून मामांना आणून दिला. पतंगांची पिशवी होती तसलीच. मामांनी ती खुर्चीच्या पाठीला बांधली. मामींनी त्यातून वाती वळायला कापूस मागितला, तर त्यांनी दिला नाही. मामींनी मग तो त्यांच्या नकळत घेतला, स्वयंपाकघराच्या दाराने.

दार अजून आहे. बशीरभाईंचा इन्व्हर्टर बदलला, कॉम्प्युटर बदलला, प्रज्ञाने आणखी चार नावे वाढवली. मामांच्या ओळी तशाच आहेत आणि बाकही आहे. जळगाव जामोदच्या स्टँडवर मी मध्ये उतरलो होतो. चौकशीच्या खिडकीला आतून कागद चिकटवलेला दिसला, घोषणा कुठूनतरी आपोआप होत होती. मामांना मी ते सांगितले नाही.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा ते पुढच्या दारात त्याच खुर्चीत होते. गुडघे दुखतात, उठत नाहीत. आता ते प्रत्येकाला नाव विचारतात, ओळखीच्यालाही, आणि ऐकून घेतल्यावर एकदा मनाशी म्हणतात. मलाही विचारले. मी नाव सांगितले.

"बरं. कोनाकडं जाचं, जवाईबापू?"

"तुमच्याकडंच आलो, मामा."

त्यांचे बोट उचलले गेले होते. ते तसेच हवेत राहिले. इतक्या वर्षांत खिडकीवर येऊन असे कोणी म्हटले नसावे. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, मग हात खाली घेतला आणि खुर्चीत जरा बाजूला सरकले, जणू त्या एका खुर्चीत दोघांना जागा होणार होती.

"मंग बसा," ते म्हणाले.